आठ दिवस एकच वचन: बायबलचे मनन वागण्यात कसे उतरवावे

नव्याने बायबल वाचू लागलेल्यांची नेहमीची अडचण अशी: रविवारी उपासनेत वचन ऐकले, बरे वाटले, वहीत उतरवूनही घेतले, आणि सोमवारी संध्याकाळी शेताच्या बांधावर कापूस मोजताना त्यातले काहीच आठवले नाही. यात श्रद्धा कमी पडते असे नाही. वाचन जास्त होते आणि चघळणे कमी, एवढेच. म्हणून इथे दिलेली पद्धत संथ आहे. आठ दिवस एकच वचन, त्यातून एकच गुण आणि त्या गुणाचे एकच ठरवलेले काम.

लागणारे सामान थोडे आहे. एक मराठी बायबल, चाळीस पानी वही, पेन्सिल आणि रोजची १५ ते २० मिनिटे. जुन्या वळणाचे मराठी जड जात असेल तर सुलभ भाषेतली प्रत शेजारी ठेवा. पाठ करायचे वचन मात्र एकाच प्रतीतून घ्या, नाहीतर आठव्या दिवशी दोन्ही अर्धवट आठवतात. मोबाइलवर वाचले तरी चालते, पण तेवढा वेळ नेट बंद ठेवा. वेळ ठरवताना आपला हंगाम बघा. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे सकाळी आठनंतर डोके चालत नाही, तेव्हा पहाट बरी. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी डबा बांधून निघतात, त्यांनी रात्री भांडी झाल्यावरची वेळ धरावी. पहाटेचे वाचनच देवाला पोचते असे काही नाही. आठही दिवस वेळ तीच राहिली पाहिजे, याला महत्त्व आहे.

सुरुवात कुठून करायची?

उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून नको. बहुतेकांची गाडी लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडते. प्रकटीकरणापासून तर नकोच. सुरुवातीला याकोबाचे पत्र घ्या: अध्याय ५, वचने १०८, एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर मत्तय ५ ते ७, मग रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, त्यामुळे तारखेप्रमाणे एकेक वाचता येतो. पण ते जोडीचे वाचन. आठवड्याचे मुख्य वचन त्यातून रोज बदलू नका.

कोणता गुण घ्यायचा हे ठरवायला गलतीकरांस ५:२२-२३ (म्हणजे अध्याय ५, वचने २२-२३) उघडा. तिथे नऊ नावे आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पण हे पत्र लिहिणारा पौल तिथे 'फळे' म्हणत नाही, 'फळ' म्हणतो. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे. रावेर-यावलच्या वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. केळीचा घड एक, फण्या नऊ. एक फणी भरली आणि बाकीच्या वाळल्या असे निरोगी झाडावर होत नाही. प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येते आणि घरी बोलण्यात विखार आहे, असे असेल तर घड तपासायला हवा.

नऊपैकी पहिला कोणता, हे स्वतः ठरवू नका. घरात विचारा. बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला नुसते एवढेच विचारा, "माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला जास्त त्रास होतो?" उत्तर आले की खुलासा करायचा नाही, वहीत लिहायचे. स्वतः निवडणारा माणूस बहुधा जमणाराच गुण निवडतो.

पहिले दोन दिवस: वाचणे आणि पुटपुटणे

रविवारी संध्याकाळी वचनाच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद तीनदा वाचा. वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. नव्या करारातले आजचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तियेन या छापखानेवाल्याने घातले. त्यामुळे आकडा संपला म्हणजे विचार संपला असे समजू नका. कोण बोलतो आहे, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी, या तीन प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत लिहा. मग वचन हाताने उतरवून काढा. फोटो काढणे म्हणजे उतरवणे नव्हे. हात सावकाश चालतो, म्हणून डोळ्यांतून निसटलेला शब्द हाताला सापडतो.

सोमवारी ते पुटपुटायचे. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तिथला हिब्रू शब्द 'हागा'. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी हाच शब्द आला आहे. म्हणजे हे मनन डोळे मिटून गप्प बसण्याचे नाही, त्यात ओठ हलतात. वचन पाच वेळा हलक्या आवाजात म्हणा आणि दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर द्या. याकोब १:१९ घेतले असेल तर एकदा 'प्रत्येक'वर, एकदा 'ऐकण्यास'वर, एकदा 'तत्पर'वर. 'प्रत्येक'वर जोर दिला की हे वचन जावेसाठी किंवा साहेबासाठी नाही, हे आपले आपल्याला कळते.

घरी अहिराणी, भिली, मावची किंवा पावरी बोलत असाल तर याच दिवशी वचनाचा अर्थ आपल्या बोलीत सांगून बघा. राग काही प्रमाण मराठीत येत नाही, तो घरच्या बोलीत येतो. "आयकी ले, मंग बोल" ही चार शब्दांची ओळ भांडणाच्या वेळी जितकी लवकर आठवेल तितके छापील वचन आठवणार नाही. बोलीतली ओळ पाठाला पर्याय म्हणून वापरू नका, पाठाची खुंटी म्हणून वापरा.

अशा मननाची घडी जुनी आहे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने तिचे चार टप्पे सांगितले: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसते शांत बसणे. आपल्याकडे तिसरा टप्पा दणक्यात होतो आणि चौथा जवळजवळ होतच नाही. प्रार्थना संपल्यावर दोन मिनिटे काही न मागता बसा. पहिल्या आठवड्यात ती दोन मिनिटे फार लांब वाटतात.

मंगळवारी: काम ठरवणे

नवखे इथेच चुकतात. "आजपासून मी रागावणार नाही" असे लिहितात आणि बुधवारच्या जेवणापर्यंत ते मोडते. मोडणारच, कारण त्यात माणूस नाही, जागा नाही, वेळ नाही. काम लिहिताना या तिन्ही गोष्टी हव्यात, आणि काम पाच मिनिटांच्या आत होण्यासारखे हवे. उदाहरणार्थ: "रात्री जेवताना मुलगा शाळेचे सांगू लागला की हातातला घास ताटात ठेवीन, त्याचे बोलणे संपेपर्यंत उचलणार नाही, आणि माझे काय ते भाकरी संपल्यावर बोलेन." घास खाली ठेवणे ही डोळ्याला दिसणारी खूण आहे. झाले की नाही, यावर वाद होत नाही. कळण्याची भाकरी थोडी गार होईल, चालेल.

याकोबाच्या पत्रातच पुढे लगाम न घातलेल्या जिभेबद्दल आहे (१:२६), आणि थेट ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल. ती मजुरी ओरडते आहे, असे याकोब म्हणतो. म्हणजे ज्याला तो ऐकण्यास तत्पर व्हा म्हणतो, त्याने ऐकायच्या आवाजांत मजुराचाही आवाज आहे. पूर्ण पत्र एकदा वाचलेले असले की असे धागे आपोआप जुळतात. वचनांचे कॅलेंडर वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत.

काट्यावरचे वचन

प्रामाणिकपणावर आम्ही जरा जास्त थांबणार आहोत, कारण खानदेशात तो तराजूवर कळतो. नीतिसूत्रे ११:१ खोट्या तागडीबद्दल आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकातली वचने २५:१३-१५ तर पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन वजने ठेवू नका, इतक्या बारकाव्यात जातात. घ्यायला एक, द्यायला एक. आता वजने पिशवीत नसतात, काटा इलेक्ट्रॉनिक असतो. पण दोन वजने ठेवण्याच्या वाटा शाबूत आहेत. वेचणीची मजुरी किलोवर असते तिथे गाठोड्याच्या कापडाचे वजन एकाऐवजी दोन किलो धरायचे, वरचे सहाशे ग्रॅम सोडून पूर्ण किलोच लिहायचे, काटा शून्यावर नसताना घाईने गाठोडे चढवायचे. दुसऱ्या बाजूनेही होते: कापूस दवात ओला वेचायचा, खाली पाला आणि कैऱ्या (कच्ची बोंडे) दडपायच्या. वचन दोघांनाही लागू आहे. मालक वाचत असेल तर त्याने मालकाची बाजू तपासावी, मजूर वाचत असेल तर मजुराची. उलटे केले की मननाचे भांडण होते.

या आठवड्याचे काम असे लिहा: "गाठोडे चढवण्याआधी काट्यावरचा शून्य मजुराला दाखवीन. रिकामे कापड एकदा सगळ्यांसमोर मोजीन आणि तोच आकडा सगळ्यांना वजा करीन. ग्रॅमसकट लिहीन." तीन वाक्ये, तिन्ही करता येण्याजोगी.

याला जोडून मजुरीचे वचन येते: अनुवाद २४:१५, त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी. इथे नवखा गोंधळतो, कारण कितीतरी गावांत हिशेब आठवडे बाजाराच्या दिवशी होतो आणि मजुरांनाही ते सोयीचे असते. मग वचन मोडले का? अशा वेळी वचनातच कारण दिले आहे का ते बघा. इथे दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे. कारण धरले की उत्तर मिळते. दोघांनी राजीखुशीने बाजाराचा दिवस ठरवला असेल तर तोच दिवस पाळा. "व्यापाऱ्याचे पैसे आले की देतो" म्हणून पुढच्या बाजारावर ढकलले की मात्र वचन मोडले. मधेच कोणाच्या घरी आजारपण निघाले तर बाजाराची वाट बघू नका.

त्याच अध्यायात, वचन १९ ते २१, शेतात विसरलेली पेंढी आणि झाडावर राहिलेली फळे परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी सोडायला सांगितली आहेत. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेले वेचणे, हा शब्द अजून आपल्याकडे जिवंत आहे, आणि मराठी बायबलात रूथ नावाची विधवा सरवाच वेचते. भुईमूग काढल्यावर सरव्याला आलेल्या बाईला हाकलायचे नाही, हे चांगुलपणाचे पूर्ण आठवड्याचे काम होऊ शकते. त्यात खर्च जवळजवळ नाही. जड जाते ते 'माझे शेत' म्हणण्याची सवय सोडणे.

क्षमेचा हिशेब

मत्तय १८:२१-३५ बहुतेकांना ठाऊक असते, पण आकडे वगळून: राजाने मोठे कर्ज माफ केलेला चाकर आपल्या जोडीदाराला मात्र सोडत नाही, असा हा दृष्टांत. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). चाकराचे जोडीदाराकडे शंभर दीनार येणे होते. आजचा रोज ४०० रुपये धरला तर हे ४०,००० रुपये झाले. ही किरकोळ रक्कम नाही. दृष्टांतात येशू ख्रिस्त असे म्हणत नाही, की तुझे नुकसान क्षुल्लक आहे, विसरून जा. चाकराचे स्वतःचे कर्ज दहा हजार तालांत होते. एक तालांत साधारण ६,००० दीनारांचा, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच रोजाने २,४०० कोटी रुपये. आधी हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहा, मग ज्याला क्षमा करायची त्याच्या नावाचे पहिले अक्षर. भावकीच्या बांधाच्या भांडणात हा कागद कामाला येतो.

आठवड्याचे काम म्हणून "पूर्ण क्षमा केली" असे लिहू नका. "बाजारात समोर आला तर रस्ता बदलणार नाही, आधी मी रामराम किंवा सलाम करीन" एवढे पुरे.

एक सावधानता ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. मार खाणाऱ्या बाईला 'सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर' (मत्तय १८:२२) सांगून परत त्याच घरी पाठवणे हा या वचनाचा गैरवापर आहे. त्याच अध्यायात, १५ ते १७ वचनांत, अपराध्याला तोंडावर सांगणे, मग साक्षीदार घेणे, मग मंडळीपुढे नेणे असा मार्ग दिला आहे. क्षमा आणि मारहाणीला मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवाला धोका असेल तर आधी ११२ किंवा महिलांसाठीची १८१ लावायची, मनन नंतर.

बाकीचे गुण थोडक्यात

ममतेसाठी इफिसकरांस ४:३२ घ्या, विश्वासूपणासाठी लूक १६:१०, शांतीसाठी रोमकरांस १२:१८. या शेवटच्या वचनात "शक्य असेल तर" आणि "तुमच्याकडून" हे शब्द आहेत, ते गाळू नका. समोरच्याच्या वाट्याची शांती आपल्या हिशेबात धरायची नसते. सौम्यता म्हणजे दबून राहणे, असा समज असेल तर गणना १२:३ वाचा. भूतलावर सगळ्यांत नम्र म्हटलेला मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिलेला माणूस आहे. सहनशीलतेबद्दल एक बारकावा: गलतीकरांसमधला ग्रीक शब्द मुख्यतः माणसांना सोसण्याचा आहे. परिस्थितीला तोंड देण्याच्या धीराला नव्या करारात बहुधा दुसरा शब्द येतो. म्हणून दुष्काळात खचला नाही तो माणूस म्हाताऱ्या सासूवर खेकसणारच नाही, असे नाही. दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो.

इंद्रियदमनासाठी नीतिसूत्रे २५:२८: ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा. पारोळ्याचा भुईकोट ज्यांनी बघितला आहे त्यांनी तोच डोळ्यांसमोर आणावा. सपाटीवरचा किल्ला, डोंगराचा आधार नाही, सगळी भिस्त तटावर आणि खंदकावर. तट एकदम पडत नाही, एक दगड निघतो. म्हणून "दारू सोडली" असे न लिहिता "शनिवारी पगार झाल्यावर त्या रस्त्याने येणार नाही, घरी फोन करून सरळ एसटी धरीन" असे लिहा. फोनचा चाळा असेल तर "रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला." जुने व्यसन असेल तर मनन डॉक्टरच्या जोडीने करायचे, त्याच्या ऐवजी नाही.

हमखास बिघडते ते

वचन तोडून घेणे हा सर्वांत मोठा रोग. यिर्मया २९:११ दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलभर फिरते. मूळ पत्र बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना आहे, आणि आधीच्याच वचनात ७० वर्षे लागतील असे सांगितले आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले त्यांतले बरेच परत येणार नव्हते. त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी झटा असे आहे. सुरतेला किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने हा भाग खरोखर वाचावा, तो त्यांच्याच कामाचा आहे. फिलिप्पैकरांस ४:१३ चे तसेच. "सर्व काही करण्यास शक्तिमान" हे जिंकण्याबद्दल नाही. आधीची दोन वचने भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्हींत समाधानी राहण्याबद्दल आहेत, आणि लिहिणारा कैदेत आहे.

डोळे मिटून पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि तेच देवाचे उत्तर समजायचे, ही सवय लागली असेल तर सोडा. ती चिठ्ठी काढण्यासारखी आहे, मनन नाही. सकाळी वचन स्टेटसला ठेवल्यावर काम झाल्यासारखे वाटते, म्हणून आठवडाभर तेच वचन स्टेटसला टाकू नका. मत्तय ६:३ तेवढ्यासाठीच आहे. साक्ष द्यायची असेल तर काम होऊन महिना उलटू द्या.

आणि फळाला मजुरी समजणे. नऊ आठवडे काटेकोर केले म्हणून देव काही देणे लागत नाही. इफिसकरांस २:८-१० मध्ये क्रम आधी कृपेचा, मग सत्कृत्यांचा आहे. हा क्रम उलटला की माणूस दोनपैकी एका वाटेने जातो: जमले तर ताठ होतो, नाही जमले तर वही फेकतो.

शनिवारी रात्री

पाच मिनिटे पुरतात. तीन ओळी लिहा: काम किती वेळा झाले, कुठे अडले, अडले तेव्हा नेमके काय चालले होते. तिसरी ओळ महत्त्वाची आहे. चार शनिवारांच्या तिसऱ्या ओळी एकाखाली एक वाचल्या की बहुधा एकच गोष्ट दिसते: भूक, झोप, उधारीचा फोन किंवा ठरावीक एक माणूस. मग पुढचे काम रागाशी न भांडता त्या गोष्टीशी बांधा. उपाशीपोटी हिशेबाला बसायचे नाही, हेही सहनशीलतेचे काम आहे.

काम एकदाही झाले नसेल तर वचन बदलू नका, काम निम्मे करा. सलग तीन आठवडे झाले नाही तर गुण चुकला नसून माणूस चुकला असण्याची शक्यता जास्त: सगळ्यांत अवघड माणसापासून सुरुवात झालेली असते. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस घ्या.

पाच-सात जण मिळून करायचे असेल तर घरगुती प्रार्थनेनंतर ४० मिनिटे धरा. वचन एकाने दोनदा मोठ्याने वाचावे, प्रत्येकाने आपल्या आठवड्याची एकच ओळ सांगावी, कोणी कोणाला सल्ला देऊ नये. सल्ल्याचा मोह पाळकांना जास्त होतो, म्हणून त्यांनी शेवटी बोलावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वचन त्यांच्या बोलीत फोनवर रेकॉर्ड करून द्या, मजुरीच्या वाटेवर ऐकता येते. आणि वहीत दुसऱ्यांची नावे पुरती लिहू नका. घरात वही सगळ्यांच्या हाती लागते. पहिले अक्षर पुरे, आणि वही भरली की ती चुलीत घालायला हरकत नाही.